श्रावणापासून बाहेर

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडदुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसल्या बसल्या निवेदिताला कळलं की आता आपल्याला उठता यायचं नाही. समोर इरकली साड्यांच्या घड्या उलगडून पडल्या होत्या. शेजारी सासूबाई, कृष्णाबाई, एकेक पदर चिमटीत धरून सूत पारखत होत्या. वर पंखा घरघरत होता. तसं काही फार झालं नव्हतं. मांडीच्या आतून एक ऊब खाली सरकली होती, एवढंच. पण ती ऊब आता तिच्या इतक्या ओळखीची झाली होती की ती कुठवर जाईल, कशातून झिरपेल आणि कशावर उमटेल हे तिला न बघता सांगता आलं असतं. घरून निघताना तिनं दुप्पट बंदोबस्त केला होता. तरी झालंच. ती हलली नाही. तिनं दुकानदाराला आणखी साड्या दाखवायला सांगितल्या. जांभळ्या दाखवा, मग चिंतामणी रंगातल्या, मग काठ जरा रुंद असलेल्या. कृष्णाबाईंना नवल वाटलं. नवरात्रात सवाष्णीला द्यायची साडी, तिच्यासाठी एवढी कसली निवड, असं त्या म्हणाल्या, पण खूश दिसल्या. सून कशात तरी मन घालतेय हेच त्यांना पुष्कळ दिवसांनी दिसत होतं. निवेदिताला मात्र रंग दिसत नव्हते. शाळेत गणित शिकवायची त्या दिवसांत फळ्यावरचं उदाहरण कुठं चुकलंय हे तिला पाठमोरी असतानाही जाणवायचं. तशी तिला आत्ता आपल्या खालची गादी जाणवत होती.

शेवटी साडी ठरली, पैसे दिले गेले, कृष्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चपला शोधायला पायरीकडे वळल्या. निवेदिता पदर मागून ओढून घेत उठली. तिनं मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. दुकानदारानंही बघितलं. मधल्या वयाचा, कपाळाला विभूती लावलेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यानं हातातली उलगडलेली साडी तशीच त्या जागेवर पसरून टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "इरली अक्का, होगरी." असू दे ताई, जावा. त्या बोलण्यातली दया तिला चाबकासारखी लागली. त्यानं तोंड वाकडं केलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. निदान तिला कुणावर तरी चिडता आलं असतं.

धारवाडच्या बसमध्ये जागा रिकाम्या होत्या आणि ती उभी राहिली. उणकलचं तळं गेलं, नवनगर गेलं, ती दांडीला धरून उभीच. कृष्णाबाईंनी दोनदा शेजारच्या जागेवर हात आपटला. "बस की गं. उभी का तू?" काहीतरी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "मळमळतंय. उभं राहिलं की बरं वाटतंय." आणि तिनं बघितलं, सासूबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी भुवया उचलल्या गेल्या, मग डोळे तिच्या पोटाकडे गेले, मग परत चेहऱ्याकडे, आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. असल्या गोष्टी लवकर बोलू नयेत असं त्यांचं मत होतं. पण राहिलेल्या सगळ्या वाटेवर त्यांनी निवेदिताचं मनगट हातात धरून ठेवलं. निवेदिताला त्या हाताचा अर्थ कळला.

कारण कृष्णाबाईंचा हिशेब त्यांच्या बाजूनं चुकीचा नव्हताच. श्रावणापासून सून बाजूला बसली नव्हती. अंगानं भरली होती, बांगड्या मनगटात रुतत होत्या. जेवताना मधेच उठत होती, दुपारी उजेड नको म्हणून डोक्याला फडकं बांधून पडत होती. आणि आता मळमळ. दुसरं कुणी असतं तरी त्यांनी हेच ताडलं असतं. खरं काय ते धारवाडात फक्त निवेदिताला माहीत होतं, आणि हुबळीत विद्यानगरला राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीला, सुलभाअक्काला. तिला दिवस गेले नव्हते. जाऊ नयेत म्हणून दंडात घेतलेल्या औषधानं ती गेले कितीतरी दिवस थांबून थांबून वाहत होती.

मुलीच्या, दीपश्रीच्या, बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. शेवटच्या महिन्यात पाय सुजले, डोळ्यांपुढं चांदण्या चमकायला लागल्या. कृष्णाबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला होतंच असं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिच्या हातातून भांडं निसटलं. ते पडल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही. शुद्धीवर आली तेव्हा ती हुबळीच्या दवाखान्यात होती, जीभ दातांखाली येऊन फाटली होती, आणि पोर अक्काच्या मांडीवर बाटलीनं दूध पीत होती. रक्तदाब चढून झटके आले होते, असं नंतर सांगितलं. तिच्या आठवणीत त्या मधल्या वेळाचं काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचीच तिला भीती बसली. दीपू चालायला लागली तशी घरात दुसऱ्याची बोलणी सुरू झाली. सासरे बाळाचार्य, घरातले अप्पा, निवृत्त संस्कृत मास्तर, सरळ काही बोलत नसत. पण संध्येनंतर आशीर्वाद देताना 'पुत्रवती भव' जरा सावकाश म्हणत. नवरा सुधींद्र धारवाडच्या कोर्टात वकिली करायचा. माणूस वाईट नव्हता. तिनं भीती बोलून दाखवली की तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, यावेळी आपण नीट काळजी घेऊ. काळजी घेणं म्हणजे तिच्या मनात एक होतं आणि त्याच्या मनात दुसरंच.

मग अक्कानं तिला विद्यानगरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तदाब असा, म्हणून त्या रोजच्या गोळ्या नको म्हणाल्या. शिवाय गोळ्यांचं पाकीट घरात कुठं ठेवणार? कृष्णाबाईंचा हात लागत नाही अशी त्या घरात एकच जागा होती, सुधींद्रची कायद्याची पुस्तकं, आणि तिथं सुधींद्रचा लागायचा. इंजेक्शन बरं, बाईंनी सांगितलं. दंडात एक सुई, तीन महिने विसरून जा. पाळी थोडी मागंपुढं होईल. हे शेवटचं वाक्य त्या हात धुता धुता म्हणाल्या. अठ्ठ्याण्णवचा चैत्र होता. परतीच्या बसमध्ये निवेदिताला इतकं हलकं वाटलं की ती दीपूसाठी फुगा घेऊन गेली.

थोडी मागंपुढं म्हणजे काय ते पुढं कळलं. आलं ते थांबेना. थांबलं म्हणून न्हाऊन आत घ्यावं तर दुसऱ्या दिवशी परत. केलगेरी रस्त्यावरचं ते घर बाळाचार्यांनी निवृत्तीनंतर बांधलं होतं. सिमेंटचं, साधं, पण त्यात मागच्या अंगाला एक खोली मुद्दाम काढलेली होती, बाजूला बसायची. चटई, तांब्या, एक जुनं घोंगडं. सोवळं त्या घरात फार कडक. कृष्णाबाई त्याला मडीच म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली जाई. महिन्याचे ठरलेले दिवस निवेदिता तिथं बसायची आणि खरं सांगायचं तर तेवढीच तिला विश्रांती मिळायची. पण आता आठवडेच्या आठवडे तिथं जायला लागले. कृष्णाबाईंचे गुडघे सुजले, त्यांना स्वयंपाक झेपेना. आणि दीपू. दीपूला आईला शिवायचं नाही हे तिथल्या तिथं समजत होतं, पण ते इतके दिवस का, हे समजत नव्हतं. ती उंबऱ्याच्या अलीकडं उभी राहून हात लांब करायची. आधी रडायची. मग एक दिवस रडली नाही, नुसती आली, बघितलं, आणि परत गेली. तो दिवस निवेदिताच्या मनात रुतून बसला.

आषाढात ती परत त्या बाईंकडे गेली. म्हणाली, "हे काढा माझ्या अंगातून." बाई हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या. गेलेलं औषध काढता येत नाही, त्याचं ते ओसरलं की जातं, असं त्यांनी समजावून सांगितलं. काहीजणींना पहिल्या वेळी असं होतं, दुसरं घेतलं की बहुतेक सगळं बसतं, उलट पाळीच बंद होते, निवांत. थांबेल या एका शब्दासाठी त्या वेळी निवेदितानं विषसुद्धा घेतलं असतं. तिनं दंड पुढं केला. डोकं दुखतं, ते तिनं सांगितलं, वजनाचं सांगितलं. आणखी एक सांगायचं होतं. त्याला शब्द सापडेनात. बाई, माझी पोर माझ्याशी बोलते ते मला ऐकू येतं पण माझ्यापर्यंत येत नाही, असं काहीतरी. ती एवढंच म्हणाली, की मन लागत नाही. बाई म्हणाल्या, रक्त जातंय ना, अशक्तपणा असतो, पालक खा.

श्रावण लागला आणि तिनं सांगणं बंद केलं. एका पहाटे न्हाऊन आली, सोवळ्याचं नेसली आणि चुलीपाशी गेली. कृष्णाबाईंना वाटलं आपण दिलेला काढा लागू पडला. त्यांनी देवापुढं साखर ठेवली. दीपू येऊन तिच्या पाठीला चिकटली, आणि तेवढ्यासाठी आपण हे केलंय असं निवेदितानं स्वतःला सांगितलं. पण पाठीवरचं ते ऊन ऊन ओझं तिला लाकडी पाटासारखं वाटलं. काहीच उमटलं नाही आत. ती नैवेद्याचा भात वाढत होती आणि तिच्या अंगातून रक्त जात होतं. बाळाचार्य डोळे मिटून तो भात देवाला दाखवत होते. ती विज्ञानाची पदवीधर, विटाळ वगैरे मानत नाही असं कॉलेजात वाद घालून बोललेली. पण मानणं न मानणं डोक्यात असतं, भीती कुठं असते? रोज नैवेद्याचं ताट उचलण्याआधी ती पुन्हा एकदा हात धुवायची. मग सासऱ्यांना सर्दी झाली, तिला वाटलं हे माझ्यामुळं. दीपू जिन्यावरून पडली, वाटलं माझ्यामुळं. सकाळी जाग यायची तेव्हा डोळे उघडायच्या आधीच तिला कळायचं की आजही तसंच आहे. कसं, ते सांगता आलं नसतं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं, दुःखाला निदान काही चव असते. जगाला लावलेला सगळा मसाला कुणीतरी धुऊन टाकला होता आणि उरलेला चोथा तिला दिवसभर चघळायचा होता. ती याला शिक्षा म्हणायची. औषध हा शब्द तिच्या मनात कधी आलाच नाही. औषध दंडात गेलं होतं, रक्त पोटातून जात होतं, आणि मन तर मन, त्याचा आणि सुईचा काय संबंध?

त्यात आता ही बस, आणि मनगटावरचा तो हात. दाजीबानपेठेतून आल्यावर कृष्णाबाईंनी बाळाचार्यांना सांगितलं असावं, आणि बाळाचार्यांनी, कधी नव्हे ते, मुलाला जवळ बसवून घेतलं. सुधींद्र आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं विचारलं, खरं का? निवेदितानं नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग श्रावणापासून काय, आणि त्याच्या मागून एकेक दार उघडत जाणार, पार दंडापर्यंत. ती म्हणाली, "इतक्यात कुणाला सांगू नका." तो हसला. त्याला ते हो वाटलं. त्या दिवसापासून घर तिच्याभोवती पिसासारखं मऊ झालं, आणि त्या मऊपणात तिला श्वास घेता येईना. कृष्णाबाई तिच्या ताटात तूप जास्त वाढत. सुधींद्र संध्याकाळी लवकर यायला लागला. दिवस जात होते आणि कधीतरी पोट दिसायला हवं होतं, आणि ते दिसणार नव्हतं.

घरात वेंकटेशाचं नवरात्र बसलं. अखंड दिवा, सकाळ-संध्याकाळ पूजा, पारायण. चौथ्या का पाचव्या माळेला ती विहिरीवर पाणी काढत होती, तर बाळाचार्य सोवळ्यात बाहेर आले आणि त्यांनी तिच्या हातातून दोर घेतला. सत्तरीचा माणूस, उघड्या अंगानं, पूजा मधेच ठेवून. त्यांनी दोन घागरी भरल्या आणि स्वतः आत नेऊन ठेवल्या. जाताना म्हणाले, "आता जड उचलायचं न्हाई, बाळ." तिला ते आयुष्यात पहिल्यांदा बाळ म्हणाले होते. पूजेनंतर त्यांनी तिच्या तळहातावर तीर्थ घातलं, आणि ती ते प्याली.

त्याच दुपारी, जेवणं होऊन सगळे कलंडल्यावर, ती घराबाहेर पडली. काही ठरवून निघाली असं तिला नंतरही म्हणता येत नव्हतं. नुसतं चालावंसं वाटलं. दीपू झोपली नव्हती, मी पण म्हणत मागं लागली, तर तिचाही हात धरला. केलगेरीचं तळं तिथून काही लांब नव्हतं. ऊन लखलखत होतं, पलीकडच्या काठाला दोन बायका कपडे आपटत होत्या, आणि त्यांचा आवाज हात वर गेल्यानंतर जरा वेळानं येत होता. निवेदिता त्या मधल्या वेळाकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात सगळं अतिशय स्वच्छ आणि शांत होतं, कितीतरी महिन्यांत नव्हतं इतकं. आपण गेलो की सगळ्यांची सुटका. कुणाला काही सांगावं लागणार नाही. पण ही मागं राहिली तर हिला कोण? सावत्र येईल, ही परत उंबऱ्याशी उभी राहील. म्हणजे हिला बरोबर नेणं आलं. गणितातली पुढची पायरी यावी तसं ते आलं, आणि त्या वेळी त्यात तिला भयंकर असं काहीच दिसलं नाही.

ती पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. दीपूला खेळ वाटला. पाणी गार आहे म्हणाली. मग नवरात्रासाठी शिवलेला आपला फ्रॉक भिजतोय हे तिच्या लक्षात आलं. नवीन फ्रॉक ओला करायचा नाही असं सकाळीच तिला आईनं बजावलं होतं. म्हणून तिनं आईच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि दोन्ही हातांनी फ्रॉक वर धरून ती उभी राहिली, आईच्या पुढच्या पावलाची वाट बघत. निवेदिताचा हात तसाच, बोटं वळलेला, हवेत राहिला. ती आपल्या रिकाम्या हाताकडं बघत होती. पलीकडची एक बाई ओरडली, पुढं जाऊ नका, खाली राड आहे, पाय रुतेल. कन्नडमधले ते शब्द पाण्यावरून सावकाश आले. ते ऐकून काही जागं झालं असं नाही. पण कुणीतरी सांगितलं तसं करावं, एवढंच तिच्यात शिल्लक होतं. तिनं पोरीला उचललं आणि ती मागं फिरली. काठावर आल्यावर तिचे दात वाजायला लागले, त्या उन्हात.

घरी आली तेव्हा बाळाचार्य पडवीत झोपाळ्यावर होते, सुधींद्र कोर्टातून नुकताच आला होता, कृष्णाबाई वाती वळत बसल्या होत्या. दीपू धावत आत गेली. निवेदिता पायरीवरच थांबली. साडी गुडघ्यापर्यंत ओली, पायांना चिखल. सुधींद्र उठून पुढं आला तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"मी बाहेर आहे," ती म्हणाली. "श्रावणापासून बाहेर आहे."

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मग झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या. कृष्णाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्यांनी नैवेद्याचं विचारलं नाही, सोवळ्याचं विचारलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे पोटात काही न्हाई?"

"नव्हतंच, आत्याबाई. इंजेक्शन होतं."

तिनं सगळं सांगितलं, पायरीवर उभं राहून, एका सुरात. तळ्याचं तेवढं सांगितलं नाही. कृष्णाबाई मुक्यानं रडल्या, कुणी गेल्यावर रडतात तशा. त्यांच्या लेखी खरंच एक मूल गेलं होतं. बाळाचार्य उठले, विहिरीवर जाऊन अंगावर घागरी ओतून घेतल्या, आणि ओलेत्यानंच मुलाला म्हणाले, हिला आणि पोरीला हुबळीला पोचवून ये. आवाज चढला नव्हता. त्या नवरात्राचे उरलेले दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले, असं तिला मागाहून समजलं. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर ते सोसलं असतं. तो उपास तिला सोसवेना.

स्कूटरवर दीपू पुढं उभी होती. नवनगरच्या अलीकडं सुधींद्रनं गाडी बाजूला घेतली आणि मागं न बघता विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. म्हणाला, "अप्पांना विचारलं असतं." आणि किक मारली.

सुलभाअक्काला मात्र तिनं तळ्याचं सांगितलं. अक्का भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच बहिणीला धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती तिला वेगळ्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली, एका वयस्कर बाईंकडे. त्यांनी आधी रक्ताचं विचारलं, रक्तदाब मोजला, आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, झोप कशी आहे, मुलीला जवळ घेतल्यावर काय वाटतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का. असं कुणी सरळ विचारू शकतं हेच निवेदिताला ठाऊक नव्हतं. ती बोलली. बाईंनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की काहीजणींना या औषधानं मन असं खाली जातं, सगळ्यांना नाही, पण जातं. आता पुढची सुई घ्यायची नाही. ओसरायला वेळ लागेल, तोवर हिला एकटं सोडायचं नाही, आणि हुबळीतल्याच एका मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं.

"औषधानं?" निवेदितानं विचारलं.

"औषधानं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती रडायला लागली. अक्काला वाटलं सुटकेनं. ते होतंच. शिक्षा नव्हती, पाप नव्हतं, देवानं हात उचलला नव्हता. पण त्याच्या खाली आणखी एक होतं आणि ते तिनं अक्कालाही सांगितलं नाही. दंडातून गेलेलं थोडंसं पांढरं पाणी जर पाण्यात पोरीला घेऊन उतरणारी बाई तयार करू शकतं, तर मग आपण आपण म्हणतो ते कोण? त्या दुपारी डोक्यातलं सगळं किती स्वच्छ होतं, किती आपलं वाटलं होतं. यापुढं मनात काही स्वच्छ आलं तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न तिच्याबरोबर राहायला आला आणि परत गेला नाही.

रक्त कधी थांबलं ते तिला कळलं नाही. मार्गशीर्षात एकदा लक्षात आलं की बरेच दिवस झाले. मनाचं त्याहून सावकाश. पौषातल्या एका सकाळी दीपूनं अक्काच्या घरातला शाईची दौत नव्या चादरीवर उपडी केली, आणि निवेदिता इतकी संतापली की तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. ओरडता ओरडता ती मधेच थांबली. राग आला होता. खरा, पोटातून आलेला, तिखट राग. दीपू भेदरून बघत होती, तिच्या नाकावर शाई होती, आणि ते नाक किती छोटं आहे हे निवेदिताला कितीतरी महिन्यांनी दिसलं. ती शाईत बसली आणि पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

सुधींद्र दर रविवारी यायचा. संक्रांतीनंतरच्या रविवारी येताना त्यानं कृष्णाबाईंनी दिलेला तीळगूळ आणला. म्हणाला, आई ये म्हणतेय. अप्पांनी घराची शांत करून घेतलीय, कुणी काही बोलणार नाही. मग म्हणाला, दुसऱ्याचंही घाईनं नको, या नव्या बाईंना विचारून, रक्तदाबाकडं बघून, सावकाशीनं. तो चांगलं बोलत होता. तिनं ऐकून घेतलं आणि मग त्याला तळ्याचं सांगितलं. सगळं, फ्रॉक वर धरला होता तेही. आतल्या खोलीत दीपू मावशीशी काहीतरी कन्नड गाणं म्हणत होती आणि दोघंही ते ऐकत होती.

"मी पुन्हा काही घेणार नाही," निवेदिता म्हणाली. "सुई नाही, गोळी नाही. आणि दुसरं मूलही नाही. आता पाळी तुमची."

तो शब्द तोंडून गेल्यावर दोघांनाही ऐकू आला. ती हसली नाही. त्याचे कान लाल झाले. तो उठला, दीपूच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अक्का म्हणाली, फार बोललीस तू, पुरुषाला असं म्हणतात का? निवेदिताला स्वतःलाही तसं वाटायला लागलं. घर मोडलं असंच तिनं धरून चाललं. शाळेत जागा आहे का विचारून आली. होळीच्या आधीच्या रविवारी, दुपारची, जिन्यावर पावलं वाजली, आणि ती इतकी सावकाश की तिला वाटलं कुणी म्हातारं माणूस चढतंय. दार उघडलं तर सुधींद्र. कठड्याला धरून, पाय जरा फाकवून, एकेक पायरी. चेहरा उतरलेला. कोर्टाच्या कामाला बेळगावला जातो म्हणून घरी सांगितलं होतं त्यानं, आणि तिथल्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून आला होता. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, म्हणाला, एकच मुलगी ना, नीट विचार केलाय ना म्हणून.

ती दारातच उभी राहिली.

"घरी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "आईनं कालच नवस बोललाय. नातू झाला की तिरुपतीला जायचं म्हणून." त्यानं ओठ पुसले. "अप्पा पण हो म्हणाले. मी तिथंच होतो बसलेला. मी काही बोललो न्हाई."

निवेदितानं त्याच्याकडं बघितलं. न सांगितलेल्या गोष्टीचं वजन किती असतं ते तिला माहीत होतं, आणि तो ते आता कुठं उचलायला लागला होता. तिनं आत जाऊन उशी आणली, खुर्चीवर ठेवली, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला हळूच बसवलं.